आयटीत शिरायचंय, पण इंजिनिअरिंग नाही: सुरुवात कुठून करायची

निकाल लागले की मला एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. "दादा, पुण्यात एक क्लास आहे. सहा महिने, साठ हजार. नोकरीची गॅरंटी आहे म्हणतात. भरू का?" कधी पोरगा गंगाखेडचा असतो, कधी सेलूचा, कधी माझ्याच गावातल्या कुणाची तरी भाची असते. साठ हजार सोयाबीनचे असतात, नाहीतर आईने बचत गटातून उचललेले. मी विचारतो, "नोकरी कसली?" पलीकडून उत्तर येतं, "आयटीतली."

'आयटीतली' अशी जागा कुठलीच कंपनी काढत नाही. कुणाला बंद पडलेले लॅपटॉप सुरू करणारा माणूस हवा असतो, कुणाला ॲपमधल्या चुका शोधणारा, कुणाला विक्रीचे आकडे रोज सकाळी नीट मांडून देणारा. यातलं काय करायचं ते न ठरवता क्लास लावणं म्हणजे पाटी न वाचता एसटीत चढणं.

मी तसाच चढलो होतो. मुक्त विद्यापीठाची बी.ए., पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि एका क्लासला रोख पस्तीस हजार. चौथ्या महिन्यात गेलो तर शटरला कुलूप. पुढे एका ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेले कागद उपसत सपोर्टची नोकरी केली आणि तिथून टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या कामात, आलो. हा लेख म्हणजे त्या पस्तीस हजारांची उशिरा केलेली वसुली समजा.

पायरी पहिली: क्लासची जाहिरात ठेवा बाजूला, नोकरीची वाचा

एक दोनशे पानी वही घ्या. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन उघडा, अनुभवाच्या रकान्यात शून्य ते एक वर्ष टाका, शहर पुणे, नागपूर, नाशिक यांपैकी जिथे राहणं जमेल ते. तीस जाहिराती वाचायच्या. प्रत्येकीतून चार गोष्टी वहीत उतरवायच्या: जागेचं नाव, शिक्षणाची अट, मागितलेली कौशल्यं, आणि कंपनी थेट घेतेय की मधल्या एजन्सीमार्फत. तीन संध्याकाळी पुरतात. या वहीत जे दिसेल ते कुठलाही समुपदेशक फुकट सांगणार नाही.

पहिल्यांदा दिसेल ती अट. बऱ्याच मोठ्या कंपन्या दहावी, बारावी, पदवी या सगळीकडे साठ टक्के मागतात, शिक्षणात मोठा गॅप चालत नाही आणि पदवी 'फुल टाइम' हवी असते. मुक्त विद्यापीठाची पदवी यूजीसीमान्य असते, सरकारी नोकरीला चालते. पण खासगी कंपनीने जाहिरातीत फुल टाइम लिहिलं असेल तर तिथे डोकं आपटू नका. छोट्या आणि मध्यम कंपन्यांत 'एनी ग्रॅज्युएट' लिहिलेलं सापडतं. आपलं दार तिथे आहे.

दुसरं म्हणजे, इंजिनिअरिंग नसलेल्यांना ज्या जागा खरोखर मिळतात त्यांची नावं पुन्हा पुन्हा येतील. डेस्कटॉप सपोर्ट किंवा हेल्पडेस्क. प्रॉडक्ट सपोर्ट, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानदाराला, दवाखान्याला फोनवर अडचण सोडवून देणं. इथे मराठी आणि हिंदी चांगली असणं हे कौशल्यातच मोजतात. एमआयएस, म्हणजे कंपनीचे आकडे रोज मांडून देणं: एक्सेल आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). टेस्टिंग. आणि लहान कंपन्यांतलं वेबसाइटचं काम.

डेटा सायन्स आणि एआयच्या जाहिराती क्लासवाले सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतात. त्या जागांच्या जाहिराती वहीत उतरवा आणि शिक्षणाची अट बघा, मग बोलू. टेस्टिंगबद्दलही खरं सांगतो: नुसतं हाताने क्लिक करून तपासण्याच्या जागा माझ्या सुरुवातीच्या काळापेक्षा कमी झाल्यात. आता फ्रेशरलासुद्धा थोडं एसक्यूएल, थोडं पोस्टमन (ॲप आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण तपासायचं साधन), थोडं ऑटोमेशन (प्रोग्रॅमकडून तपासणी करून घेणं) विचारतात. तरी शिरायला अजून ते दार बरं.

पायरी दुसरी: आपल्याकडे काय आहे, त्यावरून रस्ता

दहावी झाली असेल आणि पुढचं परवडत नसेल तर आयटीआयचा कोपा ट्रेड बघा. संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक, एक वर्षाचा. त्याने कुणी प्रोग्रॅमर होत नाही, पण ॲप्रेंटिसशिपला (कंपनीत विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून काम) तो कागद चालतो. घरून तीन वर्षं निघत असतील तर मात्र पॉलिटेक्निकचा डिप्लोमाच करा. पुढे थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं.

बारावी झालेल्यांसाठी काही कंपन्या स्वतःच शाळा चालवतात. झोहोने २००५ च्या सुमारास तमिळनाडूत हे सुरू केलं: फी नाही, उलट शिकताना विद्यावेतन. एचसीएलचा टेकबी कार्यक्रम बारावीला गणित असलेल्यांसाठी आहे आणि नागपूरला मिहानमध्ये त्यांचा कॅम्पस आहे. त्याला फी असते, ती बऱ्याचदा बँकेच्या कर्जातून भरून पगारातून फेडतात, त्यामुळे सही करण्याआधी हप्त्याचा तक्ता मागून घ्या. मुलींसाठी नवगुरुकुल ही संस्था आहे, २०१६ साली सुरू झालेली. निवासी, विनाशुल्क, प्रोग्रॅमिंग शिकवणारी. त्यांच्या प्रवेश परीक्षेत टक्के नव्हे, गणिताची समज बघतात. घरचे "मुलगी एकटी कशी राहील" म्हणतात तेव्हा कॅम्पसवर शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईशी फोनवर बोलायला लावा. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झालेला मी पाहिलाय.

बी.सी.ए. आणि बी.एस्सी.वाल्यांना विप्रोसारख्या कंपन्या नोकरी करता करता एम.टेक. करू देतात. करार मोठा असतो, टक्क्यांची अटही असते. बी.ए., बी.कॉम. असाल तर सपोर्ट आणि एमआयएस.

सरकारी बाजूला बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या संस्था आपापल्या समाजघटकांसाठी विनाशुल्क प्रशिक्षणाच्या जाहिराती काढतात. त्यांच्या संकेतस्थळांवर दर पंधरा दिवसांनी नजर टाका, कारण मुदत संपल्यावर व्हॉट्सॲपवर फिरणारी जाहिरात हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. पुण्याच्या वस्त्यांत राहत असाल तर महापालिकेच्या साथीने चालणारी लाइटहाउस केंद्रं आणि शहरोशहरी असलेली टेक महिंद्रा फाउंडेशनची स्मार्ट केंद्रं चालत जाऊन बघा. फोन करू नका, जा.

आणि एमएस-सीआयटी? केलं असेल तर चांगलं, सरकारी अर्जाला लागतं. आयटीतल्या मुलाखतीत त्याने पाच मिनिटंही निघत नाहीत. हे ऐकून वाईट वाटणाऱ्यांना मी आधीच सॉरी म्हणतो.

पायरी तिसरी: पैसे न देता तीन महिने

क्लास लावायचाच असला तरी आधी तीन महिने फुकट शिका. तीन महिन्यांत कंटाळा आला तर साठ हजार वाचले. नाही आला तर क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारता येतील.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे धडे छोटे असतात, साधारण दहा मिनिटांचे, आणि त्यातले बरेचसे मराठीत ऐकायला मिळतात: लिनक्स, पायथॉन, लिबर ऑफिस. तिथली पद्धत मला फार आवडते. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्या पडद्यावर तुमचं काम. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तेच करून बघायचं. हाताला सवय लागली की फ्रीकोडकॅम्पवर जा. सगळं फुकट, पण इंग्रजीत. इंग्रजीची भीती इथेच मोडते, कारण तांत्रिक इंग्रजीचे तीन-चारशे शब्दच सारखे फिरून फिरून येतात. वहीच्या मागच्या बाजूला ते लिहीत जा.

मोबाइलवर शिकता येतं हे अर्धंच खरं. व्हिडिओ बघता येतात, काम करता येत नाही. जुना ऑफिसवापराचा लॅपटॉप घ्या. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असला की झालं. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. घेताना बॅटरीवर अर्धा तास चालवून बघा, कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, कॅमेरा सुरू करा (ऑनलाइन मुलाखतीत लागतो). विंडोज रडत असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाका. ते टाकताना जी झटापट होते, ती सपोर्टच्या नोकरीचा पहिला धडा आहे.

पायरी चौथी: तरीही क्लास लावायचा असेल तर

सगळे क्लास चोर नसतात. शिस्त लागते, सोबत मिळते आणि गावातून आलेल्या पोराला शहरात चार ओळखी होतात. त्याचीही किंमत आहे. पण 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द दिसले की काउंटरवरच्या मॅडमना शांतपणे विचारा: "गेल्या बॅचमध्ये किती जण होते? त्यातले किती कुठे लागले? त्यांतल्या दोघांशी माझं बोलणं करून द्याल?" भिंतीवरचे फोटो नकोत, फोन नंबर हवेत. त्याआधी त्या माणसांची नावं लिंक्डइनवर तपासा.

मग करारपत्र मागा. गॅरंटी म्हणजे नोकरी की 'मुलाखतीची संधी', हे तिथे बारीक अक्षरात असतं. बहुतेक ठिकाणी दुसरंच निघतं. काही ठिकाणी अट असते की तीन मुलाखतींत नापास झालात तर जबाबदारी संपली. त्या मुलाखती कशा असतात ते सांगायला नको. 'आता काही भरू नका, नोकरी लागल्यावर पगारातून द्या' हा प्रकार ऐकायला गोड आहे. तिथे एकूण रक्कम किती होते, कोणत्या पगाराच्या वर कापणी सुरू होते आणि मध्येच कोर्स सोडला तर काय, हे तिन्ही आकडे लिहून घ्या. कधी कधी तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्जच काढलेलं असतं आणि ते तुम्हाला पहिला हप्ता चुकल्यावर कळतं. फी हप्त्याने, पावतीवर आणि रोख नको. पस्तीस हजारांचा धडा आहे, मनावर घ्या.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. काही क्लासवाले शेवटच्या महिन्यात म्हणतात, "फ्रेशरला कोण विचारतं? दोन वर्षांचा एक्सपिरियन्स दाखवू, लेटर आम्ही देतो." माझ्या कॉटच्या शेजारच्या कॉटवर राहणाऱ्या मुलाने ते केलं. नोकरीही लागली. तिसऱ्या महिन्यात पार्श्वभूमी पडताळणीत कंपनीने पीएफची नोंद मागितली. दोन वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आदल्या महिन्यातला कसा? त्याच दिवशी लॅपटॉप जमा करून घरी पाठवलं. तो हुशार होता, आणखी चार महिने थांबला असता तर खरी नोकरी लागली असती.

पायरी पाचवी: काम दाखवा, सर्टिफिकेट नव्हे

मुलाखत घेणाऱ्या बाजूला मी आता अधूनमधून बसतो. समोरच्याने सात सर्टिफिकेटं पुढे केली की मी विचारतो, "तुम्ही शोधलेली एखादी चूक सांगा." बहुतेक जण व्याख्या सांगू लागतात. एकदा लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीने मोबाइल काढून स्वतः लिहिलेला अहवाल दाखवला. सरावासाठी मित्राने बनवलेल्या प्रवेश अर्जाचा. तो साधारण असा होता:

शीर्षक: मोबाइल क्रमांकात देवनागरी आकडे टाकले तरी अर्ज पुढे जातो, ओटीपी येत नाही.
कृती: १. अर्ज उघडा. २. फोनचा कीबोर्ड मराठीवर करा. ३. मोबाइलच्या रकान्यात दहा आकडे देवनागरीत टाका. ४. 'पुढे' दाबा.
अपेक्षित: आकडे इंग्रजीत बदलून घ्यावेत किंवा चूक दाखवावी.
प्रत्यक्षात: 'ओटीपी पाठवला' असा संदेश येतो, ओटीपी येत नाही.
किती वेळा: पाचपैकी पाच.
सोबत: स्क्रीनशॉट दोन.

बस, एवढंच. पण यात सगळं आहे: दुसऱ्याला जशीच्या तशी चूक करून बघता येईल अशा पायऱ्या, अपेक्षा, वस्तुस्थिती. मी विचारलं, "असं का होत असेल?" ती म्हणाली, "सर, प्रोग्रॅमने फक्त आकडे आहेत ना आणि दहा आहेत ना एवढंच बघितलं असणार." बरोबर होतं. पायथॉनमध्ये देवनागरीत लिहिलेला ९८ आकड्यात बदलायला सांगितला तर तो निमूट बदलून देतो; संगणकाच्या लेखी तो आकडाच आहे. शहरात इंग्रजी कीबोर्डवर वाढलेल्या टेस्टरला ही चूक सुचलीच नसती.

तुम्ही ज्याला आपली उणीव समजता, त्यातून असे वीसेक प्रश्न सहज निघतात. आडनाव नसलेल्या माणसाने फॉर्म कसा भरायचा? गावाला रस्त्याचं नाव नसेल आणि पत्त्यात ते सक्तीचं असेल तर? रेंज जाऊन परत आली तर पैसे दोनदा कापले जातात का? अशा दहा चुका शोधा, वरच्या पद्धतीने लिहा आणि गिटहबवर (आपलं काम ठेवून त्याची लिंक देता येते अशी साइट) ठेवा. खऱ्या साइटवर सराव करताना मात्र फक्त स्वतःचं खातं आणि स्वतःची माहिती. आत घुसून बघायची हौस नको, तो गुन्हा आहे.

एमआयएसकडे जाणाऱ्यांनी गावच्या बाजार समितीचे महिनाभराचे भाव एक्सेलमध्ये घेऊन एक पानाचा तक्ता आणि आलेख बनवावा. सपोर्टवाल्यांनी ओळखीच्यांचे बिघडलेले पाच संगणक दुरुस्त करावेत आणि काय बिघडलं होतं, काय केलं, किती वेळ लागला ते लिहून ठेवावं.

पायरी सहावी: अर्ज, ॲप्रेंटिसशिप, आणि पुण्यातले तीन महिने

ॲप्रेंटिसशिप हा रस्ता आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही, कंपनीलाही गरज आहे. त्याच नियमांत किमान विद्यावेतन पदवीधरांना ९,००० आणि डिप्लोमावाल्यांना ८,००० रुपये ठरलं होतं. पदवी-डिप्लोमावाल्यांनी नॅट्सच्या (केंद्र सरकारची ॲप्रेंटिस प्रशिक्षण योजना), आयटीआयवाल्यांनी राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करावी. नोंदणी केली आणि वाट बघत बसलात तर काही होत नाही. पोर्टलवर कंपनीचं नाव शोधून तिच्या एचआरला नोंदणी क्रमांकासह मेल पाठवायचा. वर्षभराने नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं, पण बायोडेटावर खरं एक वर्ष येतं.

राज्याने २०२४ मध्ये काढलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही याच जातीची: बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना. ती घेताना संगणकावरचं काम मिळेल अशी आस्थापना निवडा, नाहीतर सगळे महिने शिक्के मारण्यात जातात.

बाकी अर्ज रोज पाच. पाचही अर्जांत बायोडेटाची पहिली चार वाक्यं त्या जाहिरातीप्रमाणे बदललेली. रेफरल (कंपनीतल्या ओळखीच्या माणसाची शिफारस) मागायला लाजू नका, पण "सर काही असेल तर बघा" असं नको. जागेची लिंक, बायोडेटा आणि गिटहबचा पत्ता एकाच मेसेजमध्ये द्या, म्हणजे समोरच्याला फक्त पुढे पाठवायचं उरतं. पुण्याला येण्याची घाई नको. पहिल्या फेऱ्या आता ऑनलाइनच होतात. दोन-तीन मुलाखती लागल्या की मग या, आणि येताना तीन महिन्यांचं कॉटभाडं आणि मेसचे पैसे वेगळे ठेवून या. चौथ्या महिन्यात पैसे संपले की माणूस मिळेल ते कॉल सेंटर धरतो.

कंपनी कधीही नोकरीसाठी पैसे मागत नाही. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग किटचे पैसे, 'रिफंडेबल' तीन हजार, सगळे एकाच माळेचे मणी. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी ते परत मिळण्याची शक्यता कमी.

पायरी सातवी: ऑफर लेटर हातात आल्यावर

'पॅकेज दोन लाख चाळीस हजार' ऐकून घरी महिना वीस हजार सांगू नका. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, दहा हजार आहे. वीसातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२०० गेला, ग्रॅच्युइटीचे साधारण ४८१ गेले. राहिले १८,३१९. त्यातून तुमचा पीएफ १,२०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १६,९१९, आणि ईएसआय (कामगार आरोग्य विमा) लागू असेल तर त्याहून थोडे कमी. महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, तो कापला असेल तर विचारा.

बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही, असं कट्ट्यावर सांगतात. तसं नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. म्हणून मुदत आणि रक्कम वाचून, पेलवेल तरच सही. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

राहिलं एक काम, जे खरं तर सगळ्यात आधी करायचं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव अर्धवट, आणि पदवीवर स्पेलिंग तिसरंच. रुजू होण्याच्या दिवशी पीएफची नोंद यावरच अडते आणि पहिला पगार लांबतो. दहावीची मार्कशीट समोर ठेवून बाकी सगळी कागदपत्रं स्पेलिंगसकट तिच्याशी जुळवून घ्या. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं, तेव्हा केंद्रावर ऑपरेटरने टाइप केलेलं नाव पडद्यावर स्वतः वाचल्याशिवाय अंगठा लावू नका.